मॉरिशसचं २०२४ : तुम्ही कोणत्या दिवसावर बोट ठेवाल?

अनघा_कात्रबोर्न

नमस्कार मंडळी. घर बदलताना मॉरिशसहून आणलेल्या एका खोक्यातून २०२४ची भिंतीवरची दिनदर्शिका निघाली. कोपऱ्यावरच्या लाबुतीकमधून (तिथे किराणा दुकानाला लाबुतीक म्हणतात) फुकट मिळालेली. तायपुसम, चिनी नववर्ष, गुलामगिरी संपल्याचा दिवस, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ, सगळ्या सुट्ट्या एकाच कागदावर लाल रंगात.

आम्ही जानेवारी २०२१ ते मार्च २०२५ तिथे होतो. ह्यांची नोकरी, मी घरून हिशेबाची कामं करायचे. त्या चौकोनांत मी पेन्सिलीने काहीबाही लिहायचे, गॅस, फी, मुलीची परीक्षा, आणि मधेच देशाच्या गोष्टी. १५ जानेवारी : "संक्रांत. बेलाल. हे रात्री ९ ला पोचले." ३ मार्च : नुसतीच फुली. १२ मार्च : "झेंडा, मुर्मू." ३ ऑक्टोबर : "शागोस!!" १ नोव्हेंबर : "फेसबुक बंद." ११ नोव्हेंबर : "६०-०."

बघताना लक्षात आलं की पुण्यात असताना मी दिनदर्शिकेवर देशाबद्दल कधी काही लिहिलंच नव्हतं, देश टीव्हीत असायचा आणि दूधवाला भिंतीवर. तिथे दोन्ही एकाच चौकोनात यायचे. साडेबारा लाखांच्या आसपास माणसं, २०४० चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे आपला एकटा सिंधुदुर्ग जिल्हा त्याच्या अडीचपट भरतो. काही झालं की ते कुणाच्या तरी ओळखीतल्याला झालेलं असतं.

तर प्रश्न असा : त्या वर्षाचा एकच दिवस निवडायचा झाला तर कोणता? जे तिथे होते, जे बातम्या वाचत होते, ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत, सगळ्यांनी लिहा. माझं उत्तर ठरलंय पण आधी तुमची ऐकते.

---

खलाशी_बंदरी

बेलाल चक्रीवादळ. मी त्या वेळी जहाजावर होतो, आम्ही लांबून वळसा घालून गेलो, पण पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या एकमेकींवर चढत वाहतायत हे व्हिडिओ जहाजावर सगळ्यांनी बघितले. ताई, तिथे तर चक्रीवादळाचे १ ते ४ वर्ग असतात ना? मग लोक बाहेर कसे?

---

अनघा_कात्रबोर्न

@खलाशी_बंदरी तोच तर राग होता सगळ्यांचा. तिथे लहान मूलसुद्धा 'क्लास' म्हणजे काय ते सांगेल. क्लास ३ लागला की शाळा, ऑफिसं बंद, घरी बसायचं. १५ जानेवारीला सोमवारी सकाळी त्याखालचाच इशारा होता, त्यामुळे माणसं कामावर गेली. मग पाऊस असा कोसळला की राजधानीत पाणी भरलं, आणि सगळ्या ऑफिसांनी एकदमच घरी जा म्हणून सांगितलं. ह्यांच्या ऑफिसातल्या एका बाईंनी गाडी सोडून दिली आणि कमरेभर पाण्यातून रेलिंग धरून गेल्या. मी इकडे तिळाचे लाडू वळून बसलेली, फोन लागत नाही, तीळ तसेच परातीत. दोन जणांचा जीव गेला त्या वादळात. लोक इतके चिडले की हवामान खात्याच्या प्रमुखांना एकदोन दिवसांत राजीनामा द्यावा लागला.

तिथल्या म्हाताऱ्या माणसांना २०१३ आठवत होतं, ३० मार्चला काही तासांच्या पावसात पोर्ट लुईत ११ माणसं गेली होती. आणि त्याहून म्हाताऱ्यांना १९६०चं कॅरोल. तिथली घरं सगळी काँक्रीटच्या सपाट स्लॅबची का, तर कॅरोलने पत्र्याची आणि लाकडाची उडवून नेली म्हणून.

---

बंड्यानाना

राजीनामा दिला हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडे पूर आला की आधी पावसाचा राजीनामा मागतात.

---

आकडेमोड

मला ११ नोव्हेंबर. निवडणूक हा माझा आवडीचा विषय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉरिशसमध्ये मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ खासदार, म्हणजे ६०. रॉड्रिग्ज बेटाचे २. एकूण ६२ थेट निवडून येतात. मतदाराने कागदी मतपत्रिकेवर तीन फुल्या मारायच्या, तीनच, दोन मारल्या तर मत बाद. १० नोव्हेंबरला रविवारी मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी मोजणी. नवीन रामगुलाम आणि पॉल बेराँजे यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा घेतल्या. प्रविंद जगन्नाथ पंतप्रधान होते, मोजणी चालू असतानाच त्यांनी मोठा पराभव होतोय हे मान्य केलं. पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघातही पडले.

आता गंमत बघा. असं पहिल्यांदा नाही झालं. १९८२ मध्ये ६०-०, १९९५ मध्ये ६०-०, आणि २०२४ ला परत. १९९५ लाही रामगुलाम आणि बेराँजेच एकत्र होते. मधल्या काळात हे दोघे भांडले, वेगळे झाले, परत एकत्र आले. आणि मतं बघितली तर जिंकलेल्यांना ६२ टक्क्यांच्या पुढे, हरलेल्यांना २७ टक्क्यांच्या आसपास. २७ टक्के मतांना थेट निवडून आलेली एकही जागा नाही!

---

बंड्यानाना

हे कसलं लोकशाहीचं कौतुक? विरोधी बाकावर माणूसच नाही. मला तर हा धोका वाटतो.

---

आकडेमोड

@बंड्यानाना पूर्ण रिकामं नाही. 'बेस्ट लूझर' नावाची पद्धत आहे. हरलेल्यांतून जास्तीत जास्त ८ जणांना घेतात, म्हणजे प्रत्येक समाजाला संसदेत आवाज राहावा. समाज चार धरलेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि बाकी 'सर्वसाधारण लोकसंख्या'. त्याचा हिशेब अजून १९७२च्या जनगणनेवर करतात, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. या वेळी चार जण असे आत आले, त्यातले दोन जुन्या सरकारच्या आघाडीतले आणि दोन रॉड्रिग्जचे. ज्यो लेसजोंगार विरोधी पक्षनेते झाले ते याच दारातून.

---

झणझणीत

म्हणजे नापास झालेल्यांतून पहिला आलेला वर्गाचा मॉनिटर. आमच्या शाळेत ही पद्धत असती तर माझं आयुष्य वेगळं असतं.

---

वाक्वाचा_मुलगा

नमस्कार. मी मॉरिशसचाच आहे, वाक्वाजवळ राहतो. आमचे पूर्वज कोकणातून आले. माझे मराठी शाळेत आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकलेले आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

बंड्यानाना, तुम्ही म्हणता तो धोका आम्हालाही वाटतो. माझे वडील ११ तारखेला रात्री फटाके ऐकत बसले होते आणि म्हणाले, "१९८२ लाही मी असेच ऐकले होते." १९८२ मध्ये सर्व साठ जागा जिंकलेले सरकार एका वर्षात फुटले आणि १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. १९९५ची युतीही दोन वर्षांत मोडली. म्हणून आमच्याकडे साठ-शून्य झाले की लोक आनंद करतात आणि मनात वर्षे मोजू लागतात. विरोधी पक्ष बाहेर नसला की तो आतून निघतो.

परंतु त्या रात्री आनंद खरा होता हेही सांगतो. मी रस्त्यावर होतो.

---

बंड्यानाना

@वाक्वाचा_मुलगा बाळा, तुझं मराठी आमच्या नातवंडांपेक्षा बरं आहे, चुका कसल्या. आणि "विरोधी पक्ष आतून निघतो" हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. लिहीत राहा.

---

रेवदंडेकर

अवांतर : वाक्वाच्या दादांना विचारायचंय, तुमच्याकडे गणपतीची सरकारी सुट्टी भारतातल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी का असते? २०२३ ला आपल्याकडे १९ सप्टेंबर, तुमच्याकडे सुट्टी २०ला. २०२२ लाही तसंच, आपल्याकडे ३१ ऑगस्ट, तुमच्याकडे १ सप्टेंबर. मला आधी वाटलं पंचांगाचा फरक.

---

वाक्वाचा_मुलगा

विसर्जनासाठी. आमच्याकडे बहुतेक घरांत दीड दिवसाचाच गणपती. पहिल्या दिवशी संध्याकाळी काम सुटल्यावरही पूजा करता येते, परंतु दुसऱ्या दिवशी नदीवर किंवा समुद्रावर सर्वांनी मिळून जायचे असते. म्हणून सुट्टी त्या दिवशी. गावातील गणपती एकत्र निघतात, पुढे झाकरी असते. तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणारे शेजारीही येतात, त्यांचीही सुट्टी असतेच.

२०२४ मध्ये ती सुट्टी रविवारी, ८ सप्टेंबरला आली. सुट्टी वाया गेली म्हणून माझी बहीण फार नाराज होती.

---

रेवदंडेकर

झाकरी!!! अहो म्हणजे जाखडी! आमच्याकडे गणपतीत बाल्या नाच म्हणतात तोच, पायात चाळ, गोल रिंगण, मधे मृदंगवाला आणि शाहीर. दीड दिवसाचा गणपती आणि जाखडी म्हणजे दादा तुम्ही रत्नागिरीच्या आसपासचे, लिहून देतो.

---

झणझणीत

कोकणी माणूस समुद्र ओलांडून गेला, बोली विसरला, आडनाव विसरला, पण दीड दिवसाचं विसरला नाही. सुट्टीसुद्धा हिशेबाने विसर्जनाला लावून घेतली.

---

सुलभा_आपटीकर

दालपुरीबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? आम्ही १५ दिवस गेलो होतो, रोज खाल्ली. आपल्या पुरणपोळीची खारी बहीण. आत हरभऱ्याच्या डाळीचं कोरडं वाटण, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी आणि टोमॅटोची रुगाय. जोडीनेच देतात, एक मागितली तरी दोन.

---

अनघा_कात्रबोर्न

@सुलभा_आपटीकर ते मोठे दाणे ग्रो प्वा, पांढरे मोठे पावटेच ते. दालपुरीचा वेगळा धागा काढा, मी कृती देते. 😀

---

मीनाक्षी_ठा

मी ३ ऑक्टोबर म्हणेन, आणि जरा लांब लिहिणार आहे कारण हा विषय माझ्या अगदी शेजारचा आहे. मी इंग्लंडात क्रॉलीजवळ राहते. इथे शागोसची बरीच माणसं आहेत, माझ्या मुलाच्या वर्गात दोघं होती.

शागोस ही बेटं मॉरिशसचीच होती. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळायच्या आधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने ती तोडून स्वतःकडे ठेवली. मग त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं आणि १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तिथल्या दीड ते दोन हजार माणसांना जहाजात घालून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. त्यांचे कुत्रे मारून टाकले. शेजारच्या एका आजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या स्वतःबद्दल रडल्या नाहीत, कुत्र्याबद्दल रडल्या, त्याचं नाव अजून आठवत होतं.

२०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की ब्रिटनने ताबा सोडावा, मे मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देश मॉरिशसच्या बाजूने आणि ६ विरुद्ध. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी जाहीर केलं की सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षं तसाच राहणार.

मॉरिशसमध्ये आनंद झाला असणार, आणि तो रास्त आहे. एका लहान देशाने इतकी वर्षं चिकाटीने न्यायालयात भांडून मोठ्या देशाला वळवलं. पण त्या दिवशी आमच्या रस्त्यावर शांतता होती. कारण बोलणी दोन सरकारांत झाली, ज्यांना हाकललं त्यांना टेबलावर कुणी बसवलं नाही. माझ्या मुलाच्या मित्राची आई म्हणाली, आधी एका देशाने आम्हाला न विचारता हलवलं, आता दोन देश आम्हाला न विचारता ठरवतायत.

---

वाक्वाचा_मुलगा

मीनाक्षीताई, हे वाचून वाईट वाटले कारण खरे आहे. आमच्याकडेही पोर्ट लुईच्या कासी आणि रोश ब्वा वस्त्यांत ते लोक आले तेव्हा त्यांना कोणी नीट वागवले नाही. ते नारळाच्या बागेत काम करणारे, शहरात त्यांना काम नव्हते, घर नव्हते.

परंतु सर्वांचे मत एक नाही. मॉरिशसमधील शागोस निर्वासितांच्या संघटनेचे ऑलिव्हिए बाँकूल यांनी कराराचे स्वागत केले. ते अनेक वर्षे ब्रिटनच्या न्यायालयात लढले. २०२२ च्या फेब्रुवारीत पेरोस बान्योस बेटावर आमचा झेंडा लावला गेला तेव्हा तेही तिथे होते. त्यांची आई तिथली. त्यांच्यासाठी हा करार म्हणजे परत जाण्याचा रस्ता.

---

मीनाक्षी_ठा

हो, इथेही घराघरात दोन मतं आहेत, आई एकीकडे आणि मुलगी दुसरीकडे. मी फक्त इथलं ऐकलेलं लिहिलं. २२ मे २०२५ ला करारावर सह्या झाल्या तेव्हा त्या आजी नव्हत्या, हिवाळ्यात गेल्या. तळाच्या बेटावर वस्ती नाहीच, बाकीच्या बेटांवर परत वसता येईल असं करारात आहे. त्यांचं घर दिएगो गार्सियावर होतं.

---

खलाशी_बंदरी

हे वाचल्यावर थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

---

बंड्यानाना

मग अगालेगाचं काय? २९ फेब्रुवारीला मोदी आणि जगन्नाथांनी ऑनलाइन उद्घाटन केलं ती धावपट्टी आणि जेटी. मॉरिशसच्या उत्तरेला ११०० किमी, माणसं ३०० च्या आसपास. उद्या तिथेही कुणाला हलवायची वेळ येऊ नये.

---

खलाशी_बंदरी

नाना, बेटावर राहणाऱ्याला जेटी म्हणजे काय ते समुद्रावर गेल्याशिवाय कळत नाही. जहाज लांब उभं करून सामान लहान होडीत उतरवायचं, लाटा असल्या की दिवसदिवस थांबायचं, बाळंतपणाची बाई असली तर काय करणार? तिथल्या लोकांना धावपट्टी हवी होती. सामरिक भाग आहेच, तो कुणी नाकारत नाही. पण तुमची काळजी मीनाक्षीताईंच्या पोस्टनंतर मलाही पटायला लागलीय, म्हणून वाद घालत नाही.

---

सुरंगी

३ मार्चची फुली कशाची ते ताईंनी लिहिलं नाही.

---

अनघा_कात्रबोर्न

@सुरंगी मुद्दाम नव्हतं लिहिलं, पण विचारलंत तर सांगते. महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा तिथे सगळा देश पायी चालतो. पांढरे कपडे घालून घराघरातून माणसं ग्रां बासँला, म्हणजे गंगा तलावाला जातात. काही जण रात्रंदिवस चालतात, रस्त्याच्या कडेला मुसलमान, ख्रिश्चन शेजारीसुद्धा पाणी, सरबत, फळं घेऊन उभे. पोरं गावात महिनाभर राबून मोठमोठ्या कावडी बनवतात, देवळाएवढ्या, चाकांवर. ३ मार्च २०२४ ला तशीच एक कावड विजेच्या तारेला लागली आणि पेटली. सहा जण गेले.

आम्ही त्याच दुपारी आमच्या रस्त्यावर पाणी वाटत होतो. बातमी आली तेव्हा समोरून चालणारी माणसं थांबली नाहीत, फक्त ढोल बंद झाले. पुढचे पाच दिवस माणसं तशीच, वाजवल्याशिवाय चालत होती. तेव्हा मी पेन्सिल उचलली आणि काय लिहावं ते सुचलं नाही.

---

वाक्वाचा_मुलगा

आमच्या गावातूनही कावड निघाली होती. बातमीनंतर मुलांनी वरचा भाग स्वतः उतरवला, कोणी सांगावे लागले नाही. महिनाभराचे काम होते.

---

आकडेमोड

🙏

---

निशिगंधा_क

ताई, एक शंका. तुम्ही २०२१ पासून तिथे होतात ना? राष्ट्रकुल देशाच्या नागरिकाला मॉरिशसमध्ये दोन वर्षं राहिल्यावर मतदार यादीत नाव घालता येतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवरही. तुम्ही मत दिलंत का?

---

अनघा_कात्रबोर्न

काय सांगता!! मला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. ह्यांनाही माहीत नव्हतं.

---

मराठमोळा_एबेन

मी दिलं. एबेनला आयटीत आहे, २०१९ पासून इथे. वर्षाच्या सुरुवातीला नोंदणीवाले घरी आले होते, मी म्हटलं मी भारतीय, ते म्हणाले राष्ट्रकुल आहे ना, मग लिहा. आमच्या ऑफिसात यावर बराच वाद झाला, काही स्थानिक मंडळींना हे आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणंही मला समजतं, इतक्या लहान देशात बाहेरच्या कामगारांची काही हजार मतं म्हणजे थोडी नाहीत. मी जायचं की नाही यावर आठवडाभर विचार केला. शेवटी गेलो, कारण कर मी इथे भरतो, माझी मुलगी इथल्या शाळेत क्रेओल बोलते, आणि १ नोव्हेंबरला जे झालं ते माझ्याही फोनवर झालं होतं.

---

झणझणीत

१ नोव्हेंबरला नक्की काय झालं ते कुणीतरी सांगा, सगळे नुसतेच उल्लेख करतायत.

---

अनघा_कात्रबोर्न

आता सांगते, कारण माझं उत्तर तेच आहे.

ऑक्टोबरमध्ये 'मिस्ये मुस्तास' म्हणजे मिशीवाले साहेब या नावाने कुणीतरी फोनवरची संभाषणं टाकायला लागलं. पुढारी, पत्रकार, वकील, पोलीस, परदेशी राजदूतांपर्यंत. रोज एक. सरकार म्हणालं की हे कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले बनाव आहेत. पण ज्यांचे आवाज होते त्यातले काही जण म्हणाले, हो, मीच बोललो होतो. मला कामाला मदत करायला ज्या बाई यायच्या त्या फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मगच माझ्याशी बोलायच्या. आम्ही बोलायचो काय, तर वांगी किती महाग झाली.

३१ ऑक्टोबरला दिवाळी. तिथे दिवाळीला घराच्या छतापासून फाटकापर्यंत दिव्यांच्या माळा आणि सगळ्या शेजाऱ्यांना मिठाईचे डबे, ख्रिश्चन, मुसलमान, चिनी सगळ्यांना. रात्री त्रिओलेला दिवे बघायला गेलो, मुलीने फोटो काढले. सकाळी उठून आजीला फोटो टाकायला गेली तर फेसबुक उघडेना, इन्स्टा उघडेना. मला वाटलं वायफाय. शेजारच्या घरातून त्यांचा मुलगा ओरडला, "ताती, तुमचंही गेलं का?" तेव्हा कळलं की राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने ११ नोव्हेंबरपर्यंत समाजमाध्यमं बंद. मतदान १० ला होतं.

मी त्या दिवशी जे पाहिलं ते असं. लोक रस्त्यावर आले, पण आरडाओरडा नाही. बाहेर येऊन फाटकाशी उभे राहिले आणि बोलायला लागले. पिठाचे हात, पायजमे, तशीच. आमच्या गल्लीत मी चार वर्षांत सगळे एकत्र उभे राहिलेले बघितले नव्हते. तरणी मुलं म्हाताऱ्यांना व्हीपीएन घालून देत होती. ज्या बाई फोन दुसऱ्या खोलीत ठेवायच्या त्या रस्त्याच्या मधोमध मोठ्याने बोलत होत्या, अगदी मोठ्याने. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, बंदी उठवली.

आणि २ नोव्हेंबर तिथे काय असतं? १८३४ मध्ये त्याच तारखेला 'अ‍ॅटलस' जहाजातून आलेले मजूर किनाऱ्यावर उतरले, त्याची सुट्टी. दरवर्षी आप्रवासी घाटावर कार्यक्रम असतो, त्या १६ पायऱ्यांपाशी. साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बंदरातून गेली, एक नंबर घेऊन. ज्या देशाचे पणजोबा-खापरपणजोबा करारावरचा मजकूर न वाचता आले, त्यांना बोलू नका म्हणून सांगितलं, तेही त्या तारखेच्या आदल्या दिवशी. मला ६०-० चं आश्चर्य वाटलंच नाही. माझ्यासाठी निकाल १ तारखेला फाटकाशीच लागला होता.

---

बंड्यानाना

@अनघा_कात्रबोर्न माझा साठ-शून्याबद्दलचा मुद्दा मागे घेत नाही, पण तो आकडा आला कुठून ते आता कळलं.

---

आकडेमोड

मीही माझा दिवस बदलतो. ११ वरून १ वर.

---

खलाशी_बंदरी

मी बेलालवरच. पण ताईंचा चौकोन छान आहे.

---

सुलभा_आपटीकर

मला १२ मार्च आवडला असता. १९६८ चं स्वातंत्र्य, १९९२ चं प्रजासत्ताक, दोन्ही १२ मार्चलाच, आणि तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेची. आमच्या मार्गदर्शकाने सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

---

वाक्वाचा_मुलगा

माझेही उत्तर १२ मार्चच आहे, परंतु कारण घरगुती आहे.

त्या दिवशी शाँ द मार्सवर तुमच्या राष्ट्रपती मुर्मू प्रमुख पाहुण्या होत्या. त्या दौऱ्यात त्यांनी सांगितले की आमच्यापैकी सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांनाही ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड मिळू शकेल. माझी आजी ८१ वर्षांची आहे. तिने टीव्ही ऐकला आणि बोटांवर मोजू लागली, मी कितवा. मी सहावा निघालो, माझी भाची सातवी. आजी म्हणाली, "मग कागद शोध."

कागद महात्मा गांधी संस्थेत आहेत, जहाजांच्या वह्या तिथेच ठेवलेल्या आहेत. मी अर्ज केला. मूळ पुरुषाचा नंबर मिळाला, वय २२, उंची, डाव्या हातावर व्रण, बंदर मुंबई. वडिलांच्या नावाच्या जागी जे लिहिले तेच आमचे आडनाव झाले. गावाचे नाव लेखनिकाने कानाने ऐकून रोमन लिपीत लिहिले आहे, ते कोणालाच लागत नाही. आम्ही दोन वर्षे ते निरनिराळ्या प्रकारे उच्चारून पाहतो. जिल्हा रत्नागिरी हे मात्र स्पष्ट आहे.

---

रेवदंडेकर

म्हटलं नव्हतं जाखडी! दादा, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग आला, पण घाबरू नका. तालुक्याच्या जागी काही लिहिलंय का? पूर्वी दापोली, खेड, चिपळूण, राजापूर, मालवण असे वेगळे असायचे. गावाच्या नावाची पहिली आणि शेवटची अक्षरं काय आहेत? साहेबाचे कारकून 'ळ' चा 'ल' आणि 'व' चा 'ब' करायचे. माझ्याकडे जुन्या गावांची यादी आहे, आमच्या मंडळात दोघं निवृत्त तलाठी आहेत, त्यांना तोंडपाठ असतात वाड्यासुद्धा. त्या पानाचा फोटो मला खासगी निरोपात पाठवा, इथे नको टाकू.

---

वाक्वाचा_मुलगा

शेवट "-vlee" असा काहीतरी... क्षमा, देवनागरीत : "व्ली". तालुका "चिपलून" असावा.

---

रेवदंडेकर

'-वली' किंवा '-वळी' असणार. चिपळूण तालुक्यात अशी बरीच आहेत. फोटो पाठवा, मी उद्या सकाळीच तलाठीकाकांकडे जातो.

---

वाक्वाचा_मुलगा

पाठवला. आजी जागी आहे, विचारते आहे की सकाळ म्हणजे तुमची की आमची.